तळ नसलेली जाळी

१८ ऑक्टोबर, शनिवार

आज बंधाऱ्याला बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या लोखंडी फळ्या, बसवले. अकरापैकी दहा गाळे वरपर्यंत बंद केले. पाचव्या गाळ्याचा वरचा एक लोखंडी बर्गा मात्र ठरवून काढून ठेवला. त्या फटीतून पाणी खाली पडत राहील आणि पाण्याबरोबर माशांची पिल्लं उतरतील. पावसाळ्यात खालच्या धरणातले रोहू आणि मृगळ पुराच्या पाण्यात चढून आमच्या नदीत अंडी घालतात. चढताना त्यांना कोणी अडवत नाही, बंधारा तेव्हा उघडाच असतो. अडतात ती परत उतरणारी पिल्लं. बर्गे पडले की ती आमच्याच डोहात कोंडतात आणि उन्हाळ्यात डोहाबरोबर आटून जातात. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं, पण हे मला सगुणाबाईंनी शिकवलं, आणि त्यांची शाळा दुसरीत सुटली.

सगुणाबाई भोई समाजाच्या मच्छीमार संस्थेच्या चेअरमन. धरणातल्या मासेमारीचा ठेका त्यांच्या संस्थेकडे आहे. आमची पाणी वापर संस्था नदीकाठच्या शेतकऱ्यांची. तिचा अध्यक्ष माझा चुलतभाऊ भागवतराव आणि सचिव मी. दोन वर्षं भांडून शेवटी असं ठरलं, की एकतीस डिसेंबरपर्यंत फट उघडी राहील आणि नदीवरच्या एक्केचाळीस मोटारींच्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळीची पिशवी बांधायची, म्हणजे पिल्लं पाण्याबरोबर ओढली जाणार नाहीत. ज्याची जाळी नसेल किंवा फाटलेली सापडेल, त्याची मोटार पंधरा दिवस बंद.

हा पंधरा दिवसांचा नियम माझा. वीस डिसेंबरला मत्स्य खात्याचे साहेब फटीखाली जाळं लावून पिल्लं मोजणार आहेत. बरी निघाली तर फट पुढेही राहील. न निघाली तर पुढच्या वर्षी तो बर्गाही बसवायचा, असं भागवतरावाने सभेत सांगून टाकलं आहे.

२५ ऑक्टोबर, शनिवार

पिशव्या वाटल्या. भोई बायकांनी दिवाळीच्या धामधुमीत बसून शिवल्यात, टाका इतका बारीक की साखरसुद्धा गळणार नाही. पिशवी पाण्याखाली, मग ती बांधली की नाही हे दर शनिवारी कसं बघायचं? मी युक्ती काढली. पिशवीच्या गळ्याला निळी नायलॉनची दोरी, आणि तिचं टोक पाइपावरून वर आणून काठावर बांधायचं. दोरी दिसली की नोंदवहीत टिक करायची. भागवतराव म्हणाला, "गुरुजी, तुमचं डोकं म्हणजे डोकंच हाय." मी सुखावलो.

फक्त पुंजारामने एक विचारलं. त्याचं दीड एकर सगळ्यात खालच्या अंगाला, माझ्या बागेच्या पलीकडे. सातवीपर्यंत माझ्याच हाताखाली होता, गणितात हुशार.

"गुरुजी, दोरी दिसन, पण पिशवी बराबर हाय का न्हाई हे कसं कळन?"

"विश्वासावर चालतं रे सगळं," मी म्हणालो. तो मान डोलावून गेला.

२ नोव्हेंबर, रविवार

पिशवीला शेवाळ धरतं. रोज पाइप वर ओढून झटकावी लागते, नाहीतर मोटार नुसती घोंघावते आणि ठिबकला पाणी पोचत नाही. माझं वय बासष्ट, कंबर दुखते. चार दिवस झटकली, पाचव्या दिवशी सोडून दिली.

मोसंबीवर मृगाचा बहार आहे. गिरिजाने आज झाडाखालची गळालेली फळं वेचली. तीन टोपल्या भरल्या. गेल्या आठवड्यात एकही नव्हती. तिने टोपल्या ओसरीवर माझ्यासमोर आणून ठेवल्या आणि काही न बोलता आत गेली. मला बोलली असती तर बरं झालं असतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज पाइप वर ओढून पिशवीचा तळ चाकूने कापला. गळा तसाच ठेवला, निळी दोरी तशीच.

लिहून ठेवतो, कारण इथे तरी खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे. चार-सहा दिवसांपुरतंच. फळगळ थांबली की नवी पिशवी मागून घेईन. एका मोटारीने नदी काही रिकामी होत नाही. बाकी चाळीस आहेतच की जाळीवाल्या.

८ नोव्हेंबर, शनिवार

तपासणी केली. एक्केचाळीस दोऱ्या, एक्केचाळीस टिका. माझ्या मोटारीपुढेही टिक केली. न करून कसं चालेल, लोक विचारतील. पेन जरा अडलं एवढंच.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ठिबकचा फिल्टर गिरिजा धुते. आज तिने हाक मारली म्हणून गेलो. झाकण उघडून ती तशीच उभी होती. आतल्या नळीला पिल्लं चिकटली होती, भिजवलेल्या पोह्यांसारखी, बोटाच्या पेराएवढी. काहींचे डोळे तेवढे काळे दिसत होते. एक हलत होतं. गिरिजाने ते ओंजळीत पाणी घेऊन त्यात सोडलं, पण ते आडवं झालं.

"जाळी न्हाई का आपल्या मोटारीला?" तिने विचारलं.

"आहे," मी म्हणालो. "पण हे फारच बारीक."

लग्नाला अडतीस वर्षं झाली, तिला माझं खोटं कळतं आणि मला तिला ते कळलेलं कळतं. तिने फिल्टर नालीत झाडून दिला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

एक्केचाळीस टिका.

फळगळ पूर्ण थांबली. मोसंबीला तुकतुकी आली आहे. परतूरचा फळं घेणारा बागवान बाग बघून गेला, म्हणाला, गुरुजी, या पट्ट्यात अशी बाग दुसरी नाही. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, लपवत नाही. तो गेल्यावर मात्र फिल्टरकडे जायची हिंमत झाली नाही. गिरिजा रोज एकटीच धुते. विचारत नाही, सांगत नाही.

नवी पिशवी मागायला जायचं राहूनच जातं. सगुणाबाई विचारतील, जुनीचं काय झालं. काय सांगू?

२२ नोव्हेंबर, शनिवार

सगुणाबाई फटीपाशी बसल्या होत्या. गेले दोन दिवस त्या रोज सकाळी येऊन पडणाऱ्या पाण्याखाली हात-जाळी धरतात. आज मूठभरच पिल्लं निघाली होती.

"गुरुजी, वर डोहात लई हायत. मी डोळ्यानं पाहिल्तं. पर खाली उतरून नाही राह्यली तेवढी. मदी कुठंतरी जाऊन राह्यली."

"बगळे असतील," मी म्हणालो.

"बगळे काय आज आले का?" त्या हसल्या. मग म्हणाल्या, "तुमी हायत म्हणून मला घोर न्हाई. दुसऱ्या कुणाच्या हातात नोंदवही असती तर मी झोपले नसते."

मी चहालाही थांबलो नाही. घरी येऊन पाइप वर ओढायचा म्हणून नदीवर गेलो आणि काठावर बराच वेळ उभा राहिलो. मग एक हिशेब मनात आला: बाग मार्चात तुटेल, वीस डिसेंबरनंतर साहेब येणार नाहीत, मधले दिवस किती. माणूस स्वतःशी किती गोड बोलतो. पाइप पाण्यातच राहिला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

जे होऊ नये ते झालं.

सकाळी भोई समाजाच्या दोन बायकांना पुंजारामच्या बांधाशी, जिथे नाली नदीला मिळते तिथे, मेलेली पिल्लं दिसली. पाटीभर असतील. तासाभरात सगळे जमले. भागवतराव, मी नोंदवही घेऊन, सगुणाबाई, आणखी वीस-पंचवीस जण. ती नाली माझ्या बागेतून येते. गिरिजा फिल्टर तिच्यातच झाडते. हे मला दिसत होतं, आणि कुणालाच दिसत नव्हतं, कारण पिल्लं पुंजारामच्या बांधाला होती.

"काढा याची मोटार वर," भागवतराव म्हणाला. "याच्यापासूनच सुरू करा."

शेत सगळ्यात खाली म्हणून त्याच्यापासून सुरुवात, एवढंच. दोघांनी पाइप ओढला. पिशवीला लिंबाएवढं भोक होतं, कडा कुरतडलेल्या. पुंजाराम म्हणाला, "खेकड्यानं केलंय हे. परवा बराबर होती. मी रोज झटकतो." कुणी ऐकलं नाही. कुणीतरी मागून म्हणालं, यांना फुकट मिळालं की किंमत नसते. पिशव्या तर सगळ्यांनाच फुकट मिळाल्या होत्या, माझ्याही मनात आलं, पण बोललो नाही.

नियमाप्रमाणे पंधरा दिवस मोटार बंद. नियम माझा, म्हणून सीलही मीच लावायचं. स्टार्टरच्या पेटीला तार गुंडाळून कागद चिकटवला आणि सही केली. पुंजारामने एकदा नालीकडे वर, माझ्या बागेच्या दिशेने पाहिलं आणि मग माझ्याकडे. पाणी कुठून येतं ते बघत असावा.

"गहू दहा तारखेला पेरलाय, गुरुजी," तो म्हणाला. "एकविसाव्या दिवसाचं पाणी परवा द्यायचं हाय."

"नियम सगळ्यांना सारखा," मी म्हणालो.

हे वाक्य मी उच्चारलं. घरी येऊन तोंड धुतलं तरी ते जाईना. आणि बाकी चाळीस मोटारी कुणी वर ओढल्या नाहीत. चोर सापडल्यावर कशाला ओढतील.

१ डिसेंबर, सोमवार

गव्हाला मुकुटमुळं फुटायचा हाच दिवस. हे पाणी चुकलं की फुटवा येत नाही, पुढे कितीही दिलं तरी. हे मी सातवीच्या वर्गात शिकवायचो. पुंजारामने पाठ केलं असणार.

गिरिजा आज फिल्टर धुवायला गेली नाही. "तुमीच धुवा," म्हणाली.

मी धुतला. पिल्लं नालीत टाकायचा धीर झाला नाही. मोसंबीच्या आळ्यात खड्डा करून पुरली. मग खड्ड्याकडे बघून मला माझीच किळस आली, कारण पुरतानाही एक मन म्हणत होतं, खत होईल.

६ डिसेंबर, शनिवार

पुंजाराम दर वर्षी आजच्या दिवसासाठी मुंबईला जातो, निळी टोपी घालून, बेबीनंदा आणि पोरांना घेऊन. या वर्षी गेला नाही. तपासणीला गेलो तेव्हा नवरा-बायको दोघं नदीतून डब्यांनी पाणी काढून गव्हाला घालत होते. दीड एकराला डब्यांनी. चार वाफे ओले झाले होते. बेबीनंदाने मला पाहून पदर सावरला आणि तोंड फिरवलं.

"जय भीम, गुरुजी," पुंजाराम म्हणाला.

"जय भीम," मी म्हणालो आणि टिका करत पुढे गेलो. चाळीस टिका. त्याच्या नावापुढे 'बंद' लिहिलं.

९ डिसेंबर, मंगळवार

ठरवलं. सांगायचं. आधी मात्र चूक सुधारली पाहिजे, म्हणून परतूरला जाऊन जाळीचं कापड आणलं, गिरिजाने पिशवी शिवली. टाके पाहून सगुणाबाईंच्या बायका हसल्या असत्या, पण तळ पक्का आहे. बांधली. फिल्टर उघडला तर स्वच्छ. जुनी तळ कापलेली पिशवी चुलीत घातली. नायलॉनचा घाण वास घरभर पसरला. "आता बरं वाटतंय," मी गिरिजाला म्हणालो. तिने दार-खिडक्या उघडल्या.

१३ डिसेंबर, शनिवार

सभा आजच होती. त्याआधी सांगता आलं असतं, कुणाच्याही दारात जाऊन सांगता आलं असतं. पण सांगायचं तर चारचौघांत, असं मी स्वतःला पटवलं. पुंजारामचं सील उद्या निघणारच होतं.

शेवटी मी उठलो. म्हणालो, "ती पिल्लं पुंजारामच्या मोटारीने मेलेली नाहीत. माझ्या मोटारीने मेली. मी माझ्या जाळीचा तळ कापला होता. दंड मला व्हायला हवा होता."

मग भागवतराव उठला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बघा. याला म्हणतेत गुरुजी. आपल्या विद्यार्थ्याचा डाग आपल्या अंगावर घेऊन राह्यले." आणि त्याने टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली.

मी ओरडून सांगितलं, अरे, खरंच. एक जण म्हणाला, चला, गुरुजींची मोटार वर ओढून बघू. चेष्टेतच, पण गेले. पाइप ओढला, पिशवी साबूत. फिल्टर उघडला, स्वच्छ. जुनी पिशवी कुठे, असं कुणी विचारलं, तर ती चुलीत जळालेली. लोक हसले. "गुरुजी, खोटं बोलायचं तरी शिका," भागवतराव म्हणाला.

मी आधी पुरावा जाळला आणि मग कबुली दिली. हे मुद्दाम केलं का? नाही. नाही असं वाटतं. आता मला माझ्याबद्दल काहीच खात्रीने सांगता येत नाही.

गर्दीत पुंजाराम हात बांधून उभा होता. त्याने टाळी वाजवली नाही.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी सगुणाबाई घरी आल्या. माझ्याकडे न बघता सरळ गिरिजाकडे गेल्या. ती तांदूळ निवडत होती.

"बाई, खरं हाय का?"

गिरिजाने सूप खाली ठेवलं. "खरं हाय. फिल्टर मीच धुत होते. रोज ओंजळभर निघायची. मी पण बोलले न्हाई."

सगुणाबाई भिंतीला टेकून बसल्या. चहा समोर आला, त्यांनी घेतला नाही. म्हणाल्या, "मला वाटलं, बगळेच असतील. तुमी म्हणले म्हणून मी आमच्या पोरांना डोहावर बगळे हाकायला बसवलं. तीन आठवडे."

मी जाऊन मोटारीचा फ्यूज काढून आणला आणि त्यांच्या हातात दिला. "पंधरा दिवस," म्हणालो.

"तुमच्या मोसंबीला काय व्हतंय पंधरा दिवसांत," त्या म्हणाल्या. "ती काय गहू हाय?" फ्यूज त्यांनी पदरात बांधला आणि गेल्या. नोंदवहीही घेऊन गेल्या.

१७ डिसेंबर, बुधवार

गावात नवीच गोष्ट पसरली आहे. गुरुजींनी शब्दाखातर स्वतःची मोटार बंद करून घेतली. पारावरच्या लोकांनी आज उठून मला जागा दिली. मी बसलो नाही, तर तेही त्यांना आवडलं.

सगुणाबाईंनी आमच्या आळीत येऊन खरं सांगितलं म्हणतात. भागवतराव म्हणाला, त्यांना ठेका टिकवायचाय, त्या काहीही म्हणतील.

२० डिसेंबर, शनिवार

साहेब आले. जाळ्यात पिल्लं निघाली, पण थोडी. साहेबांनी वहीत आकडा लिहिला आणि म्हणाले, पहिलं वर्ष आहे, आणखी एक वर्ष बघू. भागवतराव नाखुशीने हो म्हणाला. सगुणाबाईंनी हात जोडले. मी लांब उभा होतो. माझ्या फिल्टरमधल्या रोजच्या ओंजळी धरल्या असत्या तर आकडा किती झाला असता, याची बेरीज मी करत होतो. मग सोडून दिली.

सगुणाबाईंनी तपासणीचं काम पुंजारामला दिलं.

२७ डिसेंबर, शनिवार

पुंजाराम आज तपासणीला आला. सुरुवात माझ्यापासून. दोरीकडे त्याने पाहिलंही नाही. माझी मोटार अजून बंदच आहे, तरी पाइप वर ओढला, पिशवी सोडली, उलटी केली, तळाच्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि पुन्हा बांधली. नोंदवही पुढे करून म्हणाला, "सही करा, गुरुजी."

मी सही केली. मग जे पंधरा दिवस तोंडात होतं ते बोललो. म्हणालो, गव्हाचं जेवढं नुकसान झालं तेवढं मी भरून देतो. म्हणालो, मला माफ कर. म्हणालो, तुला तेव्हाच कळलं होतं ना?

"नालीतल्या पिल्लांबरोबर मोसंबीची पानं व्हती," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"एक्केचाळीस मोटारी हायत, गुरुजी. वर एकच काढली." तो नोंदवहीवरचं पाणी बाहीने पुसत होता. "मी बोललो असतो तर मंग काय झालं असतं, ते तुमाला बी ठावं हाय, मला बी."

मी पेनाला टोपण लावलं.

"गव्हाचं जाऊ द्या," तो म्हणाला. "फुटवा कमी धरलाय, होईल तेवढा होईल. पर तुमी सभेत बोलले, टाळ्या झाल्या. मी वाजवली न्हाई. आता बेबीनंदाला नदीवर बायका म्हणतेत, गुरुजींनी तुमच्यापायी बदनामी घेतली अन् तुझ्या नवऱ्याला जाण न्हाई. चोर व्हतो, आता बेइमान बी झालो. ते तेवढं काढा."

"कसं काढू?" मी विचारलं. खरंच विचारलं, मला सुचत नव्हतं. मी जितकं खरं सांगतो, तितका तो लहान होतो आणि मी मोठा.

तो नोंदवहीकडे बघत थांबला. मला वाटलं, सांगेल. लहानपणी गणित अडलं की तो असाच पाटीकडे बघत थांबायचा आणि मग त्याला येत असे.

"मला न्हाई माहीत, गुरुजी," तो म्हणाला, आणि नोंदवही काखेत मारून भागवतरावाच्या मोटारीकडे निघाला. अजून चाळीस वर काढायच्या होत्या.